अमेरिकेत सीएनए व्हायचंय? आधी हात धुवायला शिका

सीएनए म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. राज्य बदललं की नाव बदलतं. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये त्याला एलएनए म्हणतात, मेरीलँडमध्ये जीएनए, ओहायोत एसटीएनए. काम मात्र तेच: अंघोळ, कपडे, जेवण भरवणं, शौचाला नेणं, बिछान्यावरून खुर्चीत बसवणं, कूस बदलणं, नाडी-रक्तदाब मोजणं, लघवीचं माप घेणं, आणि काही वेगळं दिसलं तर नर्सला सांगणं. गोळ्या देणं, इंजेक्शन, निर्जंतुक ड्रेसिंग हे तुमचं काम नाही. परीक्षेतही 'मी औषध देईन' असा पर्याय निवडला की उत्तर चुकलं.

शब्दाचा एक घोळ सुरुवातीलाच मिटवू. आपण 'नर्सिंग होम' म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि परावलंबी माणसं दीर्घकाळ राहतात ते ठिकाण. तिथल्या माणसाला 'पेशंट' म्हणत नाहीत, 'रेसिडेंट' म्हणतात, कारण ते त्याचं घर आहे. हा फरक नुसता शिष्टाचाराचा नाही, लेखी परीक्षेतले बरेच प्रश्न त्यावर उभे आहेत.

नियम कुठून येतात

१९८७ साली अमेरिकी संसदेने नर्सिंग होम सुधारणेचा कायदा केला. मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) किंवा मेडिकेडचा (गरिबांचा) पैसा घेणाऱ्या नर्सिंग होममधल्या प्रत्येक असिस्टंटला प्रशिक्षण आणि परीक्षा त्यानेच बंधनकारक केली. केंद्राची किमान अट ७५ तासांची. त्यातले निदान १६ तास देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. शिवाय रेसिडेंटला हात लावण्याआधी १६ तास संवाद, संसर्ग टाळणं, घास अडकला तर काय करायचं यासह सुरक्षितता, माणसाचं स्वावलंबन आणि त्याचे हक्क हे विषय झालेले असावे लागतात.

राज्यं यात भर घालतात. टेक्सासमध्ये १०० तास, इलिनॉयमध्ये १२०, कॅलिफोर्नियात १६० (६० वर्गात, १०० प्रत्यक्ष), मेनमध्ये १८०. फ्लोरिडात कोर्स न करता थेट परीक्षेला बसण्याची वाट आहे. भारतात नर्सिंग शिकलेल्यांनाही काही राज्यं थेट परीक्षेला बसू देतात. हे प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, म्हणून ओळखीच्या कुणी दुसऱ्या राज्यात काय केलं हे विचारून निर्णय घेऊ नका. आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या किंवा आरोग्य खात्याच्या साइटवर 'नर्स एड' शोधा, सरकारी कागदांत सीएनएला हेच नाव असतं. कॅलिफोर्नियात हे काम सार्वजनिक आरोग्य खातं बघतं, फ्लोरिडात नर्सिंग बोर्ड. मान्यताप्राप्त कोर्सची यादी तिथेच मिळते. त्या यादीत नसलेला कोर्स कितीही स्वस्त असला तरी परीक्षेला उपयोगाचा नाही. 'पूर्ण ऑनलाइन, घरबसल्या सीएनए' अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका. थिअरी ऑनलाइन असू शकते, पण प्रत्यक्ष कामाचे तास ऑनलाइन होत नाहीत.

कामाचा परवाना आधी तपासा. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. एच-४ वर (एच-१बीवाल्याचा जोडीदार म्हणून) असाल तर कोर्स करता येतो, पण ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवान्याचं कार्ड, हातात आल्याशिवाय पगारी काम करता येत नाही. एल-२ जोडीदारांना (कंपनीने बदली करून आणलेल्यांच्या) नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या ईएडीची गरज उरलेली नाही. आणि एच-१बी मिळवण्याचा हा रस्ता नव्हे, कारण त्या व्हिसाला पदवी लागणारी नोकरी हवी आणि या कामाला पदवी लागत नाही.

फी भरण्याआधी एक फोन करा

कम्युनिटी कॉलेज, खासगी संस्था, हायस्कूलचे कोर्स आणि खुद्द नर्सिंग होम, अशा चार ठिकाणी हे शिकता येतं. फी काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारापुढेही जाते. पण कोर्स सुरू होण्याच्या दिवशी तुम्ही एखाद्या नर्सिंग होममध्ये नोकरीला असाल किंवा नोकरीचं पत्र हातात असेल, तर तुमच्याकडून कोर्सचा एक डॉलरही घेता येत नाही, पुस्तकांचाही नाही. हा केंद्राचा नियम आहे. स्वतःच्या खिशातून कोर्स केला आणि संपल्यावर १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी नोकरी लागली, तर काम कराल त्या प्रमाणात खर्च परत मिळण्याची तरतूद आहे. पावत्या जपून ठेवा. बरेच जण इथेच पैसे घालवतात, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही.

म्हणून आधी घराजवळच्या पाच-सहा नर्सिंग होमना फोन करा आणि विचारा: तुम्ही सीएनएचं प्रशिक्षण देता का, पुढची बॅच कधी, आणि त्या बदल्यात किती महिने काम करायची अट आहे? अट असेल तर लेखी घ्या. प्रशिक्षण आणि परीक्षा पूर्ण न झालेल्या असिस्टंटला नर्सिंग होम पूर्णवेळ कामावर चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवू शकत नाही, म्हणून परीक्षेची तारीख सुरुवातीलाच ठरवलेली बरी.

फीव्यतिरिक्तचा खर्च लक्षात घ्या: बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमी तपासणी, स्क्रब्ज (कामाचा गणवेश), बंद आणि न घसरणारे बूट, परीक्षेची फी, आणि सेकंद काटा असलेलं मनगटी घड्याळ. स्मार्टवॉच परीक्षेत चालत नाही.

बीसीजीचा व्रण आणि टीबीची चाचणी

आपल्या मंडळींना हमखास अडकवणारी ही जागा. कोर्सला बसण्याआधी टीबीची चाचणी मागतात, आणि ती बहुधा कातडीखाली टोचून करायची असते. टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत परत जाऊन दाखवावी लागते. दोन टप्प्यांची असेल तर एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा टोचतात. लहानपणी बीसीजी घेतलेल्याला यात टीबी नसतानाही गाठ येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणि तोवर बॅच निघून गेलेली. जिथे चालत असेल तिथे सरळ रक्ताची चाचणी (इग्रा) मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. दंडावरचा व्रण नर्सला दाखवा आणि चाचणीआधीच सांगा.

लसींचे कागदही लागतात: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, फ्लू. भारतातलं लसीकरणाचं पुस्तक सापडत नसेल तर शोधाशोधीत महिना घालवू नका, रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी करून घ्या. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस घेतले तर सहा महिने लागतात, तेव्हा ते लवकर सुरू करा.

दुसरी अडचण नावाची. परीक्षेच्या अर्जातलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते गळालेलं असतं, आणि सोशल सिक्युरिटी कार्डावर लग्नाआधीचं आडनाव. एकच ओळखपत्र निवडा, त्यावर आहे तसंच नाव कोर्समध्ये आणि अर्जात लिहा. नाव जुळलं नाही तर परीक्षेच्या दाराशीच परत पाठवतात आणि फी बुडते.

लेखी परीक्षा

अनेक राज्यांत एनएनएएपी ही परीक्षा असते, ती क्रेडेन्शिया ही कंपनी घेते. काही राज्यांत प्रोमेट्रिक किंवा हेडमास्टर या कंपन्यांची असते. एनएनएएपीचा नेहमीचा साचा असा: ७० बहुपर्यायी प्रश्न, त्यातल्या ६० चे गुण धरतात, दोन तासांचा वेळ. कानावर प्रश्न ऐकून उत्तर देण्याचा पर्यायही असतो. इंग्रजी वाचायला वेळ लागत असेल तर तो घ्यायला लाजू नका, पण अर्ज करतानाच निवडावा लागतो.

पाठ करायचं फार नाही. प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, अंथरुणाला खिळलेल्याची कूस निदान दर दोन तासांनी बदलायची, एक औंस म्हणजे ३० मिलिलिटर. शेवटच्यावर गणित येतंच. आठ औंसाचा रसाचा ग्लास अर्धा प्यायला आणि सहा औंसाची कॉफी पूर्ण: १२० अधिक १८०, म्हणजे ३००. एनपीओ म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, बीआयडी म्हणजे दिवसातून दोनदा, पीआरएन म्हणजे गरज लागेल तेव्हा. अशी वीस-पंचवीस संक्षेपं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

अवघड जातात ते हक्कांचे प्रश्न, आणि याला कारण आपले संस्कार. समजा प्रश्न असा आहे की रेसिडेंट अंघोळीला नाही म्हणते. 'असं कसं चालेल, चला बरं' ही आपली मायेची भाषा, पण परीक्षेत आणि कायद्यात ती जबरदस्ती. बरोबर उत्तर: कारण विचारा, नंतर करू का ते विचारा, नकार मान्य करा आणि नर्सला सांगा. तसंच 'आजी', 'स्वीटी', 'हनी' म्हणणं. म्हाताऱ्या बाईला आजी म्हणणं आपल्याकडे आदर आहे, तिथे 'मिसेस' लावून आडनाव घ्यायचं किंवा ती सांगेल त्या नावाने हाक मारायची. जिला स्वतःच्या हाताने बटणं लावता येतात तिची बटणं तुम्ही पटकन लावून टाकलीत, तर तेही चूकच, कारण स्वावलंबन हा तिचा हक्क. रेसिडेंट जमिनीवर पडलेला दिसला तर त्याला उचलायचं नाही. त्याच्यापाशी थांबायचं आणि नर्सला हाक मारायची.

प्रात्यक्षिक

नापास होणारे बहुतेक इथे होतात, आणि माहिती नसते म्हणून क्वचितच. एनएनएएपीमध्ये पाच कौशल्यं करून दाखवायची असतात, साधारण अर्ध्या तासात. त्यातलं हात धुणं ठरलेलं. एक मोजमापाचं असतं, बाकीची चिठ्ठी निघेल तशी. प्रत्येक कौशल्याला काही पायऱ्या 'निर्णायक' म्हणून खुणावलेल्या असतात. त्यातली एक चुकली की ते कौशल्य गेलं, बाकी सगळं सुंदर केलं तरी.

हात धुणं जवळून बघू. नळ सुरू, हात आणि मनगटं ओली, साबण. मग निदान २० सेकंद चोळायचं: तळवे, पाठ, बोटांच्या बेचक्या, मनगट. या सगळ्या वेळात हात कोपराच्या खाली आणि बोटांची टोकं खाली, म्हणजे घाण पाणी वर चढत नाही. नखं दुसऱ्या तळव्यावर घासायची. धुताना मनगटाकडून बोटांकडे, पुसताना उलट, बोटांकडून मनगटाकडे. तो कागद टाकायचा, नवा कोरडा कागद घ्यायचा आणि त्याने नळ बंद करायचा. घरच्या सवयीने ओल्या हाताने नळ बंद केला की संपलं. सिंकच्या आतल्या बाजूला हात लागला की पुन्हा पहिल्यापासून. सराव घरच्याच बेसिनवर करा, दिवसातून दहा वेळा. हात आपोआप कागदाकडे वळेपर्यंत तयारी झाली असं समजू नका.

मोजमापांत सूट ठरलेली आहे. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, परीक्षकाच्या आकड्यापासून चारपर्यंत फरक चालतो. श्वासाला दोन. रक्तदाबाला वरच्या आणि खालच्या आकड्यात आठपर्यंत. रक्तदाब घेताना कोपराच्या आतल्या बाजूला धमनी बोटाने आधी चाचपा, कफवरची (दंडाला गुंडाळायच्या पट्टीवरची) खूण त्यावर आणा, १६० ते १८० पर्यंत फुगवा. हवा सोडताक्षणीच ठोका ऐकू आला तर पूर्ण सोडा आणि पुन्हा फुगवा, पण २०० च्या वर नको. नवशिके हवा झटकन सोडतात आणि वरचा आकडा हातातून जातो, स्क्रू केसभरच फिरवायचा. स्टेथोस्कोपची कानात जाणारी टोकं पुढच्या बाजूला, नाकाच्या दिशेने हवीत. उलटी घातली की काहीच ऐकू येत नाही आणि माणूस घाबरून अंदाजाने आकडा लिहितो.

लघवी मोजणं सोपं वाटतं म्हणून त्याचा सराव कुणी करत नाही. हातमोजे, बेडपॅनमधून न सांडता मापाच्या भांड्यात ओतणं, भांडं सपाट जागेवर ठेवणं, आणि मग स्वतः वाकून डोळे रेषेच्या पातळीला आणणं. भांडं हातात उचलून बघितलं की पातळी हलते. पातळी दोन रेषांच्या मधे असेल तर वरच्या २५ च्या रेषेवर धरायचं. २५ मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. नंतर भांडी विसळून, मोजे काढून, हात धुऊन मगच कागदावर आकडा. घाईत मोज्यांसकट पेन उचलणारे पुष्कळ.

बिछान्यावरून व्हीलचेअरमध्ये बसवताना क्रम महत्त्वाचा. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक, पायठेवणी दुमडलेली, बिछान्याची चाकं बंद, रेसिडेंटच्या पायात न घसरणारे बूट, पाऊल पूर्ण जमिनीवर टेकलेलं. ब्रेक आधी, माणूस नंतर. कमरेला कपड्यांवरून पट्टा, खाली बोटं जातील इतका घट्ट. समोर उभं राहून, तिनापर्यंत मोजून, इशाऱ्यासरशी एकत्र उठायचं. आपल्याकडे माणसाला उठवताना बगलेत हात घालतात, ती सवय इथे मोडा. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा त्याने निखळू शकतो, म्हणूनच तर पट्टा असतो. खुर्ची पायांना मागून लागल्याचं त्याला जाणवलं की मगच खाली बसवायचं.

बाकीचं थोडक्यात. कपडे घालताना दुबळा हात आधी, काढताना धडधाकट हात आधी. भरवण्यापूर्वी माणूस ७५ ते ९० अंशांत ताठ बसलेला हवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. स्त्रीची गुप्तांगाची स्वच्छता नेहमी पुढून मागे, प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, मूत्रमार्गाच्या तोंडाशी धरून, न ओढता, शरीरापासून दूर निदान चार इंच पुसायचा. कवळी धुताना सिंकमध्ये टॉवेल अंथरा, निसटली तर फुटत नाही. स्वतःचा संरक्षक गाऊन आणि हातमोजे काढताना आधी हातमोजे. सांधे हलवताना दुखलं तर थांबा, आणि दुखतंय का ते विचारत राहा.

प्रत्येक कौशल्याच्या दोन्ही टोकांना चिकटलेल्या गोष्टी वेगळ्या पाठ करा, कारण त्या विसरायला सगळ्यात सोप्या. सुरुवातीला: नमस्कार-नाव, काय करणार ते सांगणं, पडदा ओढणं. शेवटी: बिछाना खाली, बोलावण्याची घंटा हाताशी, हात स्वच्छ. घंटा दुबळ्या हाताकडे ठेवली तर ती ठेवलीच नाही असं धरा.

मधेच काही विसरल्याचं लक्षात आलं तर परीक्षकाला तोंडाने सांगून ती पायरी दुरुस्त करता येते. मात्र जिथे क्रमच महत्त्वाचा आहे तिथे दुरुस्ती धरत नाहीत. माणूस उठल्यावर 'अरे, ब्रेक राहिला' म्हणून उपयोग नाही. परीक्षक हसणार नाही, मान हलवणार नाही, त्याचा अर्थ लावत बसू नका. नापास झालात तर जो भाग गेला तो परत देता येतो. निदान तीन संधी द्याव्याच लागतात, असं केंद्राचा नियम सांगतो.

नोकरी आणि रजिस्ट्री

पास झाल्यावर नाव राज्याच्या नर्स एड रजिस्ट्रीत चढतं. नोकरी देणारा तिथेच बघतो. छळ, हेळसांड किंवा रेसिडेंटच्या वस्तूंची चोरी सिद्ध झाली तर तीही तिथेच नोंदली जाते आणि मग नर्सिंग होममध्ये काम मिळत नाही. रेसिडेंटने प्रेमाने दिलेले पन्नास डॉलरही घेऊ नका.

पगार फार नाही. कामगार खात्याच्या आकडेवारीत २०२३ मधलं मध्यम वार्षिक वेतन सुमारे ३८,००० डॉलर होतं. मुलाखतीत दर ताशी किती हे सगळेच विचारतात. त्याहून कामाचे प्रश्न असे: दिवसपाळीत एका सीएनएकडे किती रेसिडेंट, आणि रात्री किती? रेसिडेंटला उचलण्याची यंत्रं किती आहेत, आणि ती चालवायला दुसरा माणूस खरंच मिळतो का? शनिवार-रविवार किती लागतात? यंत्राच्या प्रश्नावर समोरचा चाचरला तर तुमच्या कमरेचं काय होणार ते समजून घ्या.

वर्षाला १२ तासांचं प्रशिक्षण नोकरीतच होतं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ४८ तास लागतात. सलग २४ महिने पगारी शुश्रूषेचं काम केलं नाही तर प्रशिक्षण किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते, आणि घरी सासूबाईंची केलेली सेवा त्यात धरत नाहीत. मूल झालं, भारतात लांबची सुट्टी झाली, तर मधे थोड्या पगारी पाळ्या करून घ्या आणि पगाराची पावती ठेवा. राज्य बदलताना जुन्या राज्यातली नोंद चालू असतानाच नव्या राज्यात अर्ज करा. आणि घर बदललं की रजिस्ट्रीला पत्ता कळवा, नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर पडून राहिली तरी मुदत तुमचीच संपते.